खरं का हो? तलावपाळीच्या कट्ट्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी, म्हणजे आपल्या तलावपाळीवर, रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण जमतो. प्रत्येकाने ऐकणाऱ्याची भुवई वर जाईल अशी एखादी माहिती आणायची, ती सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून ती पारखायची. कोणी नौपाड्यातून चालत येतं, कोणी वाशी-नेरुळहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून. नव्याने येणाऱ्यांच्या शंका बऱ्याचशा सारख्याच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे सविस्तर देत आहे.

कट्ट्यावर नेमकं काय चालतं?

एक जण सांगतो, बाकीचे ऐकतात. सांगून झालं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, हे कुठे वाचलंत? दुसरा, हे कोणत्या अर्थाने खरं आहे? पहिल्या प्रश्नावर सांगोवांगीची माहिती गळून पडते. खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. बहुतेक चमकदार माहिती पूर्ण खोटी नसते. तिच्यामागे एखादी अट असते आणि तोंडातोंडी फिरताना नेमकी तीच गळते. ती शोधून परत जागेवर बसवली की मूळ माहितीपेक्षा सुरस काहीतरी हाती लागतं, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

मग हे क्विझपेक्षा वेगळं कसं?

क्विझमध्ये उत्तर आलं की विषय संपतो. इथे उत्तर आल्यावर सुरू होतो. गुण नाहीत, बक्षीस नाही, घड्याळ लावलेलं नाही.

“भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली.” यात तरी शंका नाही ना?

ठाण्यात हा प्रश्न हमखास येतो आणि यायलाच हवा. १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, निघताना २१ तोफांची सलामी आणि अंतर ३४ किलोमीटर. हे सगळं पक्कं आहे.

अडचण ‘पहिली रेल्वे’ या शब्दांत आहे. मद्रासजवळ रेड हिल्स इथे १८३७ मध्येच रुळांवरून रस्तेबांधणीचा दगड वाहून नेला जात होता. रुरकीजवळ सोलानी नदीवर गंगा कालव्याचा जलसेतू बांधत होते, तिथेही १८५१ मध्ये वाफेचं इंजिन बांधकामाचा माल ओढत होतं. म्हणजे रूळ होते, इंजिन होतं, नव्हते ते प्रवासी. म्हणून ‘भारतातली पहिली प्रवासी रेल्वे’ म्हणायचं.

एवढं सांगितलं की काही जुने ठाणेकर हिरमुसतात. मला मात्र उलट वाटतं. दगड-माती वाहणाऱ्या गाड्या काम झाल्यावर बंद पडल्या, त्यांची आठवण पुस्तकांत उरली. बोरीबंदर-ठाणे मार्ग पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, खाडीवरच्या पुलावरून कल्याणपर्यंत पोहोचला आणि आजही रोज त्या वाटेवरून लोकांची ये-जा चालू आहे. ‘प्रवासी’ हा एक शब्द जोडल्याने ठाण्याचा मान कमी होत नाही. तो नेमका कशासाठी आहे ते कळतं.

‘जगातलं सर्वात मोठं’, ‘आशियातलं पहिलं’ अशी माहिती चालते का?

चालते, पण सांगणाऱ्याने तयारीने यावं. कोणी मोजलं, काय धरून मोजलं आणि कधी मोजलं, ही तीन उत्तरं जवळ हवीत. आशिया खंडाचं नाव घेणारे दावे आमच्याकडे सर्वात आधी अडतात, कारण अख्ख्या आशियाची यादी करून मग निकाल दिला आहे, असं फार क्वचित घडतं.

नवी मुंबईचंच घ्या. ‘जगातलं सर्वात मोठं नियोजित शहर’ हे वाक्य वाशीच्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. हे शहर आखणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० ची आणि शहरासाठी ठरवलेलं क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर. हा आकडा खरोखर प्रचंड आहे. पण ‘सर्वात मोठं’ म्हणताना कागदावर आखलेलं क्षेत्र धरायचं, वसलेलं शहर धरायचं की लोकसंख्या धरायची? प्रत्येक वेळी स्पर्धक बदलतात. ‘जगातल्या मोठ्या नियोजित शहरांपैकी एक’ एवढं म्हटलं तर कोणी हरकत घेत नाही.

यातूनच एक छान गोष्ट निघाली. खारघर, कामोठे, कळंबोली ही सिडकोने वसवलेली नवी मुंबईच. तिथला माणूस पत्त्यात नवी मुंबई लिहितो आणि ते बरोबरही आहे. पण हा भाग नवी मुंबई महापालिकेत येत नाही. तो २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येतो, आणि जिल्हा ठाणे नसून रायगड. नेरुळ-बेलापूरची मंडळी हे ऐकून मान डोलावतात. खारघरची मंडळी म्हणतात, आम्हाला घरपट्टीच्या बिलावर रोज दिसतं.

एकदा खरी असलेली माहिती पुढे खोटी होऊ शकते का?

होते, आणि अशी माहिती पकडणं सर्वात कठीण, कारण सांगणाऱ्याकडे छापील पुरावा असतो. ‘ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा’ हे २०११ च्या जनगणनेनुसार अगदी खरं होतं. लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती. मग १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि तो पहिला क्रमांकही गेला. जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत मात्र तो अजून छापलेला सापडतो. म्हणून लोकसंख्या, उंची, लांबी, क्रमांक असं काहीही सांगताना साल सांगायचंच. आमच्याकडे हा नियम कडक आहे.

खाडीतले फ्लेमिंगो सायबेरियातून येतात हे खरं का?

ऐरोली, वाशी, नेरुळ, सीवूड्स, सगळीकडे हे छातीठोकपणे सांगितलं जातं, अगदी बोटीतून खाडी दाखवायला नेतात तेव्हासुद्धा. पण ते खरं नाही. आपल्याकडे येणाऱ्या रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, मोठं प्रजननक्षेत्र कच्छच्या रणात आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये काही पक्ष्यांवर उपग्रहाशी जोडलेले टॅग बसवले, तेव्हा इथून निघालेले पक्षी गुजरातेत गेल्याचं नकाशावर दिसलं.

मग यात सायबेरिया कुठून आला असावा? माझा अंदाज असा की आपल्याकडे हिवाळ्यात दिसणारे पुष्कळ पक्षी खरोखरच लांब उत्तरेकडून येतात. खाडीवर शेव-गाठ्यांसाठी झेपावणारे कुरव, म्हणजे सीगल, त्यांतलेच. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर आणि मध्य आशियात वीण घालतो. एकाचा प्रवास दुसऱ्याच्या नावावर लागला असेल. आणि सीगलचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो, त्यांना फरसाण घालू नका. तळलेलं, खारट खाणं त्यांच्या पोटाचं नाही.

फ्लेमिंगोबद्दल खऱ्या गोष्टी इतक्या आहेत की खोटीची गरजच पडत नाही. पिल्लं राखाडी असतात. गुलाबी रंग येतो तो शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांमधल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामुळे. पायाच्या मध्यावर उलटा वाकलेला जो सांधा आपण गुडघा समजतो, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. आणि एका पायावर उभं राहणं ही त्यांची कसरत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवलं की मेलेल्या फ्लेमिंगोचं शरीरसुद्धा एका पायावर न कोसळता उभं राहू शकतं. स्नायूंचा जोर लागत नाही, सांध्यांची ठेवणच तशी आहे. दोन पायांवर मात्र ते तसं टिकत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कट्ट्यावरचा एक मुलगा उठून एका पायावर उभा राहिला आणि डोळे मिटून किती वेळ राहता येतं ते बघत बसला.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. पक्षी कुठून येतात हे नीट माहीत असलं तर त्यांच्यासाठी काय राखायला हवं हेही नीट कळतं. इथली खाडी आणि कच्छचं रण, दोन्ही टिकायला हवीत.

आजवर सर्वात गाजलेली माहिती कोणती?

उपासाची साबुदाण्याची खिचडी. एका एकादशीला नौपाड्यातल्या एक काकू डबा घेऊन आल्या. डबा फिरत असताना एकाने सहज म्हटलं, “काकू, यातलं काहीच आपलं नाही.” काकूंनी झारा खाली ठेवला. “काहीच म्हणजे? एकेक सांग.”

मग एकेक घेतलं. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. हिरवी मिरची अमेरिका खंडातली. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचेपर्यंत या चारांपैकी एकही वनस्पती आपल्याकडे काय, युरोपातही कोणाला ठाऊक नव्हती. पुढे पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी व्यापाऱ्यांबरोबर ती इकडे आली. पंढरीच्या वारीची परंपरा त्याहून कितीतरी जुनी, तेव्हा ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातल्या एकादशीला ही खिचडी असणं शक्यच नव्हतं.

काकू काही लगेच मानल्या नाहीत आणि त्यांची हरकत मोलाची होती. साबुदाणा ताडासारख्या झाडाचा असतो असं त्यांनी लहानपणी वाचलं होतं. तेही बरोबर निघालं! मूळ सागो हा आग्नेय आशियातल्या सागो पामच्या खोडातल्या गरापासून करतात. भारतात बनणारा साबुदाणा मात्र कसाव्याचा, आणि तामिळनाडूतलं सेलम हे त्याचं मोठं केंद्र. कसाव्याची लागवड आपल्याकडे वाढली त्यात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांचा वाटा मोठा. १८८० च्या दशकात, दुष्काळात भाताला पर्याय म्हणून त्यांनी तिचा पुरस्कार केला. म्हणजे इथेही एक अट निघालीच: ‘भारतात बनणारा’ साबुदाणा.

शेवटी जिरं उरलं. ते पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं, पण आपल्याकडे फार प्राचीन काळापासून रुळलेलं. आणि तूप उरलं. काकू म्हणाल्या, “तूप माझ्या घरचं आहे, ते कुठे न्यायचं नाही.” तुपावर सगळ्यांचं एकमत झालं.

शुक्रावर दिवस वर्षापेक्षा मोठा असतो म्हणतात. बरोबर?

बरोबर, एका अर्थाने. शुक्र स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला पृथ्वीचे सुमारे २४३ दिवस घेतो आणि सूर्याभोवती सुमारे २२५. त्यामुळे ‘दिवस’ म्हणजे स्वतःभोवतीची एक पूर्ण फेरी धरली तर तो वर्षाहून मोठा. पण आपण बोलताना दिवस म्हणतो तो एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा. शुक्र उलट्या दिशेने फिरत असल्याने तो हिशेब सुमारे ११७ दिवसांवर येतो, म्हणजे शुक्राच्या एका वर्षात जवळजवळ दोन दिवस बसतात. शिवाय तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. अर्थात, ढगांचं आवरण इतकं दाट आहे की जमिनीवरून तो दिसायचा नाही.

कोणत्या गोष्टी आता कट्ट्यावर आणू नयेत?

पारखून झालेल्या आणि तरीही पुन्हा पुन्हा येणाऱ्या काही आहेत. चीनची भिंत अंतराळातून नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसते: नाही, २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई यानेच परत आल्यावर आपल्याला ती दिसली नसल्याचं सांगितलं. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो: नाही, सगळा वापरतो. युनेस्कोने ‘जन गण मन’ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं: युनेस्को अशी निवड करतच नाही. मोर-लांडोरीचं मीलन होत नाही, लांडोर अश्रू पिऊन गाभण राहते: इतर पक्ष्यांसारखंच त्यांचंही मीलन होतं. हॉकी हा अधिकृत राष्ट्रीय खेळ: २०१२ मध्ये माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर देताना क्रीडा मंत्रालयानेच सांगितलं की कोणताही खेळ तसा घोषित केलेला नाही.

अभिमानाच्या विषयावर शंका घेतली की माणसं दुखावत नाहीत का?

दुखावतात, म्हणून शब्द जपून वापरावे लागतात. ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असं नासाने म्हटलंय’ हे ज्येष्ठ मंडळी फार प्रेमाने सांगतात. त्यांना “हे खोटं आहे” म्हणून गप्प करणं आम्हाला पटत नाही, कारण त्यामागे एक खरा धागा आहे. १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज या नासाशी संबंधित संशोधकाने ‘एआय मॅगझिन’मध्ये लेख लिहिला. वाक्याचा अर्थ यंत्राला समजेल अशा रीतीने मांडण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ ज्या पद्धती शोधत होते, तशीच पद्धत संस्कृत वैयाकरणांनी शेकडो वर्षांपूर्वी वापरली होती, असं त्याने दाखवलं. लेख त्या संशोधकाचा होता, नासाचा निर्णय नव्हता, आणि संस्कृतमध्ये प्रोग्रॅम लिहिले जाऊ लागले असंही काही झालं नाही.

पण मला सांगा, आपले वैयाकरण वाक्यातल्या कर्ता, कर्म, करणाचे संबंध इतक्या काटेकोरपणे उलगडून ठेवत होते, ही गोष्ट कमी थोर आहे का? हे असं सांगितलं की मंडळी रागावत नाहीत. पुढच्या रविवारी पाणिनीवर काहीतरी वाचून येतात.

पुरावा तोकडा आहे, पण गोष्ट सुंदर आहे. सांगू का?

जरूर सांगा, फक्त ‘असं सांगतात’ हे शब्द आधी लावा. आमचं लाडकं उदाहरण त्रिंबकजी डेंगळ्यांचं. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे हे कारभारी इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. १८१६ मध्ये ते तिथून निसटले, हा इतिहास आहे. कसे निसटले याची कथा कलकत्त्याचे इंग्रज बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे: पहाऱ्यावर गोरे शिपाई, खिडकीखाली एक मोतद्दार घोडा खरारा करत मराठीत गाणं म्हणायचा, त्या गाण्यात पळून जाण्याचा बेत गुंफलेला, पहारेकऱ्यांना अक्षर कळत नव्हतं.

हेबर इकडे आले ते १८२५ मध्ये, सुटकेनंतर नऊ वर्षांनी. म्हणजे त्यांनी ते ऐकून लिहिलं. तिखटमीठ लागलं असण्याची शक्यता आहेच. तरी ही कथा आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, आणि प्रत्येक वेळी ‘सुटका इतिहासातली, गाणं हेबर यांच्याकडून’ अशी फोड करून सांगतो.

घरी स्वतः कसं पारखायचं?

स्थानिक माहिती असेल तर आधी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८२ चं आहे आणि ते आता इंटरनेटवर वाचता येतं. सर्वसाधारण विषयांना मराठी विश्वकोश, तोही ऑनलाइन आहे. पुस्तकंच चाळायची तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. आपल्या शहरात एवढी जुनी संस्था असताना फक्त मोबाइलवर विसंबून राहू नये, असं मला मनापासून वाटतं. विकिपीडियावर थांबू नका, खालच्या संदर्भांवर जा. आणि दहा ठिकाणी सापडलं म्हणजे खरं, असं समजू नका. दहाही ठिकाणचा मजकूर शब्दशः सारखा असेल तर ती एकच जागा धरा.

घरच्या ग्रुपवर काकांनी चुकीचं फॉरवर्ड टाकलं तर?

ग्रुपवर खोडून काढू नका. त्यांना फोन करा आणि “काका, हे कुठून मिळालं? मला यात रस आहे” असं विचारा. खरं कळलं की ग्रुपवर त्यांनाच सांगू द्या. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस चुकीची गोष्ट अधिकच घट्ट धरून ठेवतो.

मुलांना आणलं तर चालेल?

आणाच. वोंबॅट हा ऑस्ट्रेलियातला प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो आणि त्यामागचं कारण शोधणाऱ्यांना २०१९ मध्ये इग नोबेल, म्हणजे गमतीदार वाटणाऱ्या खऱ्या संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक, मिळालं, ही माहिती एका तिसरीतल्या मुलीने आणली होती. दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्या वहीत लिहून तयार होती.

पावसाळ्यात काय?

कोणाच्या तरी घरी, नौपाड्यात किंवा पाचपाखाडीत. चहा असतो.

पहिल्यांदा येताना काय आणायचं?

एक माहिती आणि ती कुठे वाचली त्याचा पत्ता. काहीच सुचत नसेल तर या दोनांपैकी एक उचला. हार्वर्ड विद्यापीठाची स्थापना १६३६ ची, म्हणजे रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा ते जवळपास चाळीस वर्षांचं होतं. किंवा हे: जुनं ठाणे शहर बेटावर आहे. बोरिवली, कुर्ला, मुलुंड ज्या साष्टी बेटावर आहेत त्याच्याच ईशान्य टोकाला ठाणे स्टेशन आहे, आणि लोकल कळव्याकडे निघाली की खाडी ओलांडून पहिल्यांदा मुख्य भूमीवर येते. ही माहिती आणलीत तर साष्टीचा नकाशाही आणा, कारण घोडबंदरच्या बाजूने बेटाची हद्द कुठून जाते हे कोणीतरी विचारणारच. उत्तर आहे उल्हास नदीचं मुख, म्हणजे वसईची खाडी.